कोल्हापुरात बहुवर्षीय सूर्यफूल: कुंपणालगतच्या पट्ट्यात काय टिकतं, काय कुजतं

काळीमाती
१४ मे, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. नागाळा पार्क परिसरात कुंपणाच्या भिंतीलगत २० फूट लांब, ४ फूट रुंद पट्टा मोकळा आहे. भिंत पश्चिमेला, ५ फूट उंच. सकाळी ८ ते दुपारी ३ पर्यंत थेट ऊन. माती काळी, उन्हाळ्यात भेगा पडतात आणि जुलैत पाणी दोन-दोन दिवस हलत नाही. दरवर्षी बी पेरायचं सूर्यफूल नको आहे. एकदा लावून चार-पाच वर्षं फुटत राहील असं हवं. ऑनलाइन 'पेरेनियल सनफ्लॉवर'च्या नावाखाली दहा प्रकार दिसतात. त्यातलं आपल्या हवेत खरंच कुठलं चालतं? पट्टा तयार कसा करायचा आणि लावायचं कधी?

माळीबुवा
१४ मे, रात्री १०.०२

तेलाचं सूर्यफूल वर्षायू. बी पिकलं की झाड संपलं. त्याच हेलियान्थस वंशातल्या बऱ्याच जाती मात्र बहुवर्षीय आहेत. त्यांचं मूळ घर उत्तर अमेरिका. जमिनीखाली आडवी खोडं, फुटवे किंवा कंद धरतात, वरचं खोड वाळतं आणि पुढच्या हंगामात बुडख्यातून परत फूट येते. फुलं मात्र लहान, साधारण दोन ते चार इंचांची. ताटाएवढं फूल ज्याला हवं त्यानं या वाटेला येऊ नये.

परदेशी बागांच्या फोटोंत दिसणारं फिकट पिवळं 'लेमन क्वीन' आणि बारीक पानांचं विलो-पानी सूर्यफूल ही थंडीत झोपणारी झाडं. आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत पारा १४-१५ अंशांपर्यंत उतरतो, तेवढ्यानं त्यांची झोप होत नाही. पहिल्या वर्षी उभी राहतात, पुढं मरगळतात. ती सोडा.

विचार करण्यासारखी चार.

एक, डबल पाकळीचं बागेतलं बहुवर्षीय सूर्यफूल, हेलियान्थस मल्टिफ्लोरस. जुन्या बंगल्यांच्या बागांत डेलियासारखं दिसणारं पिवळं फूल असतं ते बहुधा हेच. उंची ४ ते ५ फूट, पावसाच्या उत्तरार्धात फुलू लागतं. तुमच्या पट्ट्याचा कणा हेच असावं.

दोन, हेलियान्थस डेबिलिस, म्हणजे फ्लोरिडाच्या वाळूतलं किनारी सूर्यफूल. बियाण्यांच्या दुकानात 'मिनिएचर सूर्यफूल' म्हणून वर्षायूच विकतात, पण जिथं गोठण नाही तिथं छाटत राहिलं तर दोनेक वर्षं काढतं आणि स्वतःचं बी टाकून जागा धरून ठेवतं. दीड-दोन फूट उंच, पसरट. पुढच्या ओळीला उत्तम.

तीन, मॅक्सिमिलियन. अमेरिकी गवताळ मैदानातलं, ६ ते ८ फूट. चुनखडीची जड माती चालते, त्यामुळं आपली काळी त्याला परकी नाही. पाय भिजलेले चालत नाहीत. बी मिळालं तरच.

चार, अरुंद पानांचं दलदली सूर्यफूल, अँगस्टिफोलियस. ओल आणि उष्मा दोन्ही सोसणारं, तुमच्या मातीला खरं तर सगळ्यात जवळचं. पण आपल्याकडच्या नर्सऱ्यांत मिळणं अवघड, म्हणून त्यावर बेत बांधू नका.

टेरेसवाली
१४ मे, रात्री १०.३१

एवढं कशाला? टिथोनिया लावा की. मेक्सिकन सूर्यफूल. हातभर फांदी खुपसली तरी जगते, ऑक्टोबरपासून नुसता पिवळा डोंगर. कीड नाही, खत नाही, पाणी नाही.

सडा_आणि_पठार
१५ मे, सकाळी ७.४८

ताई, फांदी खुपसली की जगते हीच तर त्याची अडचण आहे. टिथोनिया डायव्हर्सिफोलिया १० फुटांचं झुडूप होतं. ४ फुटांच्या पट्ट्यात ते दुसऱ्या वर्षी भिंतीच्या पलीकडं जाईल. बी हलकं, पाण्याबरोबर आणि वाऱ्याबरोबर जातं, आणि आफ्रिका-आशियातल्या बऱ्याच भागांत ते तण म्हणून बसलं आहे. आपल्याकडं पश्चिमेला पन्हाळा, राधानगरी, गगनबावडा हा सगळा घाटमाथा जवळ. सोनकी फुलणाऱ्या कातळसड्यांच्या कडेला असलं झुडूप शिरलं तर काढायचं कोणी?

शहरातल्या बंदिस्त बंगल्यात, दरवर्षी बी धरण्याआधी छाटायची हमी असेल तर एखादं ठेवा. गावाकडच्या ओढ्याकाठच्या कुंपणाला अजिबात नको.

ओळखायची खूण: फुलाखालचा देठ वर जाड आणि आतून पोकळ असतो. पानाला तीन ते पाच खोल खाचा. नर्सरीत याला 'बहुवर्षीय सूर्यफूल' म्हणून सर्रास देतात, म्हणून देठ दाबून बघा.

शेणामाती
१५ मे, सकाळी ८.२०

टिथोनियाची बाजू थोडी मांडतो. शोभेचं झाड म्हणून माझाही विरोध, पण हिरवळीचं खत म्हणून त्याच्यासारखं नाही. सुक्या पानात नत्र साधारण ३.५ टक्के, स्फुरद ०.३७, पालाश ४ टक्क्यांच्या वर. पानं कडू, पण मातीत लवकर कुजतात. परसात मागं एक झुडूप असेल आणि फुलोऱ्याआधी कापून वाफ्यात घालत असाल तर ते कामाचं आहे. ४ फुटांच्या पट्ट्यात नको, हे मान्य.

आता पट्ट्याबद्दल. खरी मेख इथं आहे. आपल्याकडं बहुवर्षीय झाड थंडीनं मरत नाही, उन्हाळ्यानंही फारसं मरत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये बुडखा आठवडाभर पाण्यात राहिला की कुजतं. झाड चार वर्षं टिकणार की एक, ते जात निवडताना कमी आणि वाफा उचलताना जास्त ठरतं.

कोरड्या काळ्या मातीला आत्ता कुदळ लावू नका, फुटबॉलएवढी ढेकळं निघतील. एक दणदणीत वळीव पडू द्या, दोन-तीन दिवसांनी वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण न चिकटणारी झाली, की खणा. वळीव हुलकावणी देत असेल तर रात्रभर पाणी सोडून ठेवा आणि वाफशाची वाट बघा. दीड फूट खोल खणून माती उलटी करा, हरळी आणि लव्हाळ्याच्या गाठी हातानं वेचून काढा. लव्हाळा राहिला तर पुढं झाडांच्या मुळांतून तो निघत नाही.

गादी, म्हणजे उंच केलेला वाफा, ९ इंच उचलायची. भिंतीलगतचा एक फूट सोडून २० × ३ म्हणजे ६० चौरस फूट, ९ इंचांना ४५ घनफूट माल लागतो. खणल्यावर माती फुगते, शिवाय खत पडतं, म्हणून बाहेरून साधारण पाव ते अर्धा ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) तांबडी माती पुरते. पन्हाळा-गगनबावड्याच्या बाजूची जांभ्याची माती मिळाली तर बरं. शेणखत दोन इंचांचा थर, म्हणजे १५ लिटरच्या घमेल्यानं १९ घमेली. पूर्ण कुजलेलं, हातात घेतल्यावर शेणाचा वास न येणारं. निंबोळी पेंड १ किलो, सिंगल सुपर फॉस्फेट ४०० ग्रॅम. शेणखतात आधी ट्रायकोडर्मा (कूज रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळून ठेवा, १०० किलो खताला १ किलो. सावलीत, ओलसर गोणपाटाखाली ८-१० दिवस.

भिंतीला लागून मात्र गादी नको. भिंतीपासून फूटभर जागा सोडा, नाहीतर ओल भिंतीत चढेल. त्या फुटातच ९ इंच रुंद, १ फूट खोल चर काढा. १० फुटांना एक इंच उतार देऊन तो पन्हाळीच्या किंवा गटाराच्या बाजूला न्या. हा चर नसेल तर वरचं सगळं वाया.

काळीमाती
१५ मे, सकाळी ९.०५

मनापासून आभार. दोन शंका. निचऱ्यासाठी रेती मिसळली तर? आणि साखर कारखान्याची मळी (रस गाळल्यावर उरणारी, प्रेसमड) सहज मिळते, शेणखताऐवजी ती चालेल?

शेणामाती
१५ मे, दुपारी १.४०

रेती नको. काळ्या मातीत १०-१५ टक्के रेती घातली तर चिकणमातीचे बारीक कण रेतीच्या फटी भरतात आणि उन्हाळ्यात ते सगळं कठीण होतं. फरक पडायला निम्म्याहून जास्त रेती लागते, तेवढी घालण्यापेक्षा गादी उचलणं स्वस्त. सेंद्रिय खत आणि जांभ्याचा भरड मुरूम याचाच उपयोग होतो. जिप्सम चोपण, म्हणजे सोडियम जास्त असलेल्या, जमिनीला लागू पडतं, साध्या काळ्या मातीत त्यानं निचऱ्याचा चमत्कार होत नाही. माती चोपण आहे का ते माती परीक्षणाच्या अहवालात कळतं.

मळी चालेल, पण कारखान्यातून नुकती आलेली नाही. ताजी मळी ढिगात तापते, वास मारते आणि मुळं भाजते. दोन-तीन महिने कुजवलेली, थंड आणि भुसभुशीत झालेली असेल तर निम्मं शेणखत, निम्मी मळी. आणि पाचट विसरू नका. लागवडीनंतर कापलेलं पाचट ३ इंच अंथरायचं, बुडख्याभोवती मात्र वीतभर जागा उघडी. पाचटात कर्ब भरमसाट आणि नत्र नगण्य, म्हणून ते कुजताना वरच्या मातीतलं नत्र ओढतं. ८० चौरस फुटांना १०० ग्रॅम युरिया पाण्यात विरघळवून पाचटावरच शिंपडा. वाळवी लागत असेल तर पाचट ओलसर राहील असं बघा, कोरड्या पाचटातच ती जास्त घर करते.

माळीबुवा
१५ मे, रात्री ९.२७

लागवड. सगळे 'पाऊस लागला की लावा' म्हणतात. तांबड्या मातीला ते ठीक आहे, काळ्या मातीत जरा आधी. २५ मे ते १० जून या दरम्यान लावा आणि पाणी घालून जगवा. जुलैची झड लागेपर्यंत मुळं गादीत खोल गेलेली असली पाहिजेत. जुलैत चिखलात लावलेला फुटवा आठ दिवस हिरवा दिसतो आणि मग बुडाशी तपकिरी होऊन आडवा होतो.

मल्टिफ्लोरस फुटव्यांनीच वाढवायचं. दोन-तीन कोंब आणि पांढरी कोवळी मुळं असलेला तुकडा घ्या. जुन्या गड्ड्याचा मधला लाकडी भाग टाकून द्या, कडेचे फुटवे जोमदार असतात. कोंबाचं बूड मातीखाली इंचभर, त्यापेक्षा खोल नको. लावल्यावर वरची पानं निम्मी कापा म्हणजे कोमेजत नाही. जून-जुलैत कोवळ्या शेंड्याच्या ४ इंची कलमांनाही मुळं फुटतात, कोकोपीट आणि बारीक वाळू निम्मी-निम्मी, सावलीत.

तुमच्या पट्ट्याची मांडणी: भिंतीलगतचा फूटभर चर सोडला की ३ फूट रुंद गादी उरते. मागची ओळ गादीच्या मागच्या कडेपासून ९ इंचांवर, त्यात मल्टिफ्लोरस दोन-दोन फुटांवर, म्हणजे १० गड्डे. त्यातला मधला एखादा वगळून मॅक्सिमिलियन किंवा उंच गवत घातलं तर एकसुरीपणा मोडतो. पुढं डेबिलिस, पुढच्या कडेपासून ९ इंच, दीड फुटांवर. मधे निळी साल्व्हिया किंवा जांभळा गोम्फ्रेना. पिवळ्यापुढं पिवळा झेंडू लावणारे लोक आहेत, त्यांना दुरून नमस्कार.

भिंत पश्चिमेला आहे हे तुमचं नशीब. दुपारनंतर भिंतीची सावली पडते आणि झाडं पूर्वेच्या उजेडाकडं, म्हणजे बघणाऱ्याकडं झुकतात. भिंत पूर्वेला असती तर फुलांची पाठ बघावी लागली असती.

शेंडा खुडणं महत्त्वाचं. रोप १२-१५ इंचांचं झालं की वरची दोन पानं आणि शेंडा नखानं काढा. बाजूच्या फांद्या ८ इंचांच्या झाल्या की दुसऱ्यांदा. शेवटची खुडणी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. त्यानंतर खुडाल तर कळ्याच जातील. दोनदा खुडलेलं झाड फूट-सव्वा फूट बुटकं राहतं, फुलं थोडी उशिरा पण भरपूर येतात, आणि वाऱ्यात पडत नाही. डेबिलिसला खुडू नका, फुलोऱ्यानंतर एकतृतीयांश छाटा एवढंच.

आधार जुलैतच द्यायचा, झाड आडवं झाल्यावर बांधलं तर खोड वाकडंच राहतं. चिव्याच्या (बारीक बांबूच्या) ५ फुटी काठ्या, दर गड्ड्याला तीन, त्रिकोणात. खाली फुटावर आणि वर अडीच फुटांवर सुतळीचे दोन फेरे. खोडाला थेट गाठ मारू नका, आठाच्या आकड्यात फिरवा.

गल्लीबोळ
१६ मे, सकाळी ६.५५

रस्त्यावरचा दिवा कुठं आहे तेवढं बघून घ्या. शेवंती उशिरा का फुलते म्हणून विचारणाऱ्यांना जे सांगतो तेच इथं. शरदात फुलणारी ही झाडं दिवस लहान झाल्यावर कळ्या धरतात. रात्रभर एलईडीचा झोत ज्या टोकावर पडतो तिथली फुलं मागं पडतात आणि खोडं नुसती उंच वाढतात. महापालिकेचा खांब हलवता येत नाही, पण त्या चार फुटांत डेबिलिस लावा, तिला दिवसाच्या लांबीचं फारसं सोयरसुतक नाही.

माळीबुवा
१६ मे, सकाळी ७.३०

बरोबर. गेटवरचा आपलाच दिवा असेल तर सप्टेंबरपासून तो रात्री बंद ठेवला तरी फरक दिसतो.

काळीमाती
१६ मे, रात्री ८.१२

दिवा आहे, उत्तरेच्या टोकाला. तिथं डेबिलिस. कीड-रोगांचं सांगा आता. आणि नत्र किती द्यायचं?

पानावरचा_डाग
१६ मे, रात्री १०.४४

क्रमानं सांगत नाही, आपल्याकडं नुकसान ज्यानं जास्त होतं त्यापासून सुरू करतो.

हुमणी. उसाच्या पट्ट्यात राहतो म्हणजे ही आलीच. भुंगेरे पहिल्या वळवानंतर संध्याकाळी जमिनीतून बाहेर पडतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोरीवर जमतात. साडेसात ते नऊच्या दरम्यान फांद्या हलवून खाली पडलेले गोळा करून रॉकेलच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाका. वर्षात एकच पिढी, म्हणून हे पंधरा दिवस साधले की निम्मं काम झालं. अळ्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मुळं खातात. भर पावसात एखादा गड्डा कोमेजला, ओढला तर अलगद हातात आला आणि मुळं नाहीत, म्हणजे हुमणी. मेटारायझियम १० ग्रॅम प्रति लिटर, जमीन ओली असताना बुडात आळवणी, जुलैत एकदा. कोरड्या मातीत ती बुरशी काम करत नाही.

शेणखतात दिसणारी प्रत्येक पांढरी अळी हुमणी नसते. सपाट फरशीवर ठेवा. पाठीवर उताणी होऊन सरकत असेल तर ती कुजलेलं खत खाणारी, जिवंत मुळांना हात लावत नाही. कुशीवर वाकडी पडून पायांनी धडपडत असेल तर संशय घ्या.

खोडकूज. बुडाशी पांढरे कापसाळ धागे आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे म्हणजे स्क्लेरोशियम. औषध शोधत बसू नका. तो गड्डा भोवतालच्या अर्धा फूट मातीसकट उचलून कचऱ्यात टाका, खतात नाही, कारण ते दाणे मातीत वर्षानुवर्षं जगतात. पाचट बुडख्याला टेकवू नका हे वर सांगितलंय ते याचसाठी.

भुरी. ऑक्टोबरात पाऊस थांबला, रात्री गार आणि दिवसा ऊन पडू लागलं की खालच्या पानांवर पांढरी पूड. दाट लागवडीत जास्त. पाण्यात विरघळणारं ८० टक्के गंधक २ ग्रॅम प्रति लिटर, संध्याकाळी. पारा ३२ अंशांच्या वर असेल तर गंधक मारू नका, पानं करपतात. कडुनिंबाचं तेल मारलं असेल तर मधे दोन आठवडे जाऊ द्या. खालची पाच-सहा पानं ऑगस्टमध्येच काढून टाकली तर हवा खेळते आणि बऱ्याचदा फवारणीची गरजच राहत नाही.

मावा आणि तुडतुड्यांना ५ टक्के निंबोळी अर्क. ५० ग्रॅम निंबोळी पावडर लिटरभर पाण्यात रात्रभर, सकाळी गाळून. केसाळ अळ्या सुरुवातीला एकाच पानावर झुंडीनं असतात आणि पान जाळीदार होतं. ते पान कापलं की विषय संपला. तीच झुंड पांगली की मग रोज शोधत बसावं लागतं.

शंखी गोगलगाय. जूनमध्ये कोवळे कोंब रातोरात गायब होतात ते हिच्यामुळं. गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी गादीच्या कडेला टाका. सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून गोळा करा आणि मिठाच्या पाण्यात बुडवा. गोळ्यांचं आमिष मिळतं, पण घरी कुत्रं असेल तर ते विषारी आमिष अजिबात नको.

गाजरगवत. कुंपणाच्या बाहेरचंसुद्धा फुलण्याआधी उपटा. सूर्यफुलावर येणारा नेक्रोसिस नावाचा विषाणूरोग त्याच्या परागांतून आणि फुलकिड्यांमार्फत येतो. खोडावर काळे पट्टे, शेंडा पिळवटलेला, कळी वाकडी. लागला की उपटणे हाच उपाय. गाजरगवतावर सोडलेला पट्टेवाला मेक्सिकन भुंगा कधी सूर्यफुलाच्या पानावर दिसतो. पानावर गाजरगवताचे पराग पडलेले असतात म्हणून तो तिथं येतो. त्याला मारू नका.

नत्र कमी द्या. शेणखत घातलेल्या गादीला पहिल्या वर्षी वरून युरिया नको, पाचटासाठी लिहिलेला तेवढाच. जास्त नत्रानं झाड पावसात लुसलुशीत वाढतं, मावा येतो आणि लोळतं. दुसऱ्या खुडणीनंतर १०:२६:२६ हे मिश्र खत दर गड्ड्याला ३० ग्रॅम, बुडखा सोडून वर्तुळात. दुकानदार बोरॉन गळ्यात मारेल. ते तेलबिया पिकात दाणा भरायला लागतं, बागेतल्या फुलांना शेणखतातलं पुरतं.

टेरेसवाली
१७ मे, सकाळी ११.१५

ऑनलाइन डबल पाकळीच्या बहुवर्षीय सूर्यफुलाचं ५० बियांचं पाकीट दिसतंय. फुटवे शोधत फिरण्यापेक्षा तेच मागवलं तर?

माळीबुवा
१७ मे, दुपारी १२.०३

मागवू नका. मल्टिफ्लोरस हा वर्षायू सूर्यफूल आणि डेकापेटालस यांचा संकर, तो वांझ. त्याला बी धरतच नाही, मग पाकिटात येणार कुठून? उगवेल ते वर्षायू डबल सूर्यफूल. उगवून आल्यावर ओळख अशी: एकच जाड खोड, रुंद बदामी पान, जमिनीखाली फुटवा नाही, म्हणजे वर्षायू.

मॅक्सिमिलियनचं बी खरं असू शकतं, पण त्याला गारवा लागतो. ओलसर वाळूत मिसळून झिपच्या पिशवीत, फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ४ ते ६ आठवडे, मग पेरा. हे न करता पेरलेलं बी थोडं-थोडं आणि मनाला येईल तेव्हा उगवतं.

सडा_आणि_पठार
१७ मे, दुपारी १२.४०

परदेशातून नातेवाइकांकरवी बी किंवा कंद टपालानं मागवायचा सल्ला कोणी देऊ नये. २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार आयात परवाना आणि तिकडचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं. पाकीट जप्त होणं ही त्यातली लहान अडचण, त्याबरोबर येणारा रोग ही मोठी.

खाऊगल्ली_बागवान
१७ मे, रात्री ८.५०

कंदाच्या सूर्यफुलाचा विषय कोणी काढलाच नाही. हेलियान्थस ट्यूबरोसस, आल्यासारखे गाठीगाठीचे कंद. फुलंही येतात आणि भाजीही होते. पट्ट्यात घालावं का?

शेणामाती
१७ मे, रात्री ९.३५

पट्ट्यात मोकळं सोडू नका. काढताना राहिलेला बोटाच्या पेराएवढा तुकडाही पुढच्या पावसात उभा राहतो आणि मल्टिफ्लोरसच्या गड्ड्यात शिरतो. लावायचंच तर २०० लिटरचं प्लास्टिक पिंप अर्धं कापून, बुडाला अर्ध्या इंचाची दहा-बारा भोकं पाडून त्यात. एका अर्ध्या पिंपात दोन कंद, ४ इंच खोल.

आपल्या हवेत त्याची गोची म्हणजे कंदाची सुप्तावस्था. थंडी लागल्याशिवाय ते एकसारखे फुटत नाहीत. जानेवारीत काढलेले कंद ओलसर कोकोपीटमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये सहा ते आठ आठवडे ठेवा. उघडे ठेवले तर साल इतकी पातळ की आठवड्यात सुरकुततात. खाण्याचं म्हणाल तर त्यात पिठूळ पदार्थाऐवजी इन्युलिन नावाचा सहज न पचणारा तंतुमय पदार्थ असतो. पहिल्यांदा वाटीभर खाल्लंत तर रात्रभर पोटात वाऱ्याचा गोंधळ, म्हणून दोन-चार फोडींनी सुरुवात करा.

रंकाळ्याकडचा
१८ मे, सकाळी ८.०५

नागाळा पार्क म्हणालात म्हणून. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात त्या भागात बऱ्याच ठिकाणी पाणी होतं. पट्टा पुराच्या टप्प्यात येत असेल तर ९ इंचांची गादी त्यापुढं काहीच नाही. चार-पाच दिवस बुडालेला गड्डा वाचत नाही, दलदली सूर्यफूलसुद्धा पूर्ण पाण्याखाली जगायला बनलेलं नाही. दर जूनमध्ये दोन फुटवे १० इंची कुंडीत लावून गच्चीवर ठेवा, तेवढं बियाणं पुरतं. पूर ओसरल्यावर वर बसलेला गाळ लगेच मातीत मिसळू नका. सुकून पापुद्रे सुटले की खरवडून काढा आणि मग हलकं चाळवा. ओला गाळ तुडवला की निचरा त्या हंगामापुरता संपला.

काळीमाती
१८ मे, रात्री ९.२०

पूर आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आला होता, आत नाही. तरी कुंडीचं करतो. पाण्याचं वेळापत्रक आणि फुलोरा संपल्यावरची छाटणी सांगा.

माळीबुवा
१९ मे, सकाळी ७.१०

ठिबकच्या १६ मिमीच्या दोन नळ्या (लॅटरल), ४० सेंमीवर तासाला ४ लिटरचे ड्रिपर. २० फुटांत एका ओळीवर १५ येतात, दोन्ही मिळून तासाला १२० लिटर. एप्रिल-मेमध्ये दिवसाआड ५० मिनिटं. थंडीत चार-पाच दिवसांतून एकदा अर्धा तास. पावसात बंद, पण ऑगस्टमध्ये दहा दिवसांची उघडीप पडली तर एकदा चालू करा, कारण तेव्हाच कळ्या धरायची तयारी सुरू असते. फवाऱ्यानं वरून पाणी देऊ नका, खालच्या पानांवर करपा येतो.

वाळलेली फुलं दोन पानांच्या वर कापत राहिलात तर मल्टिफ्लोरस नोव्हेंबरपर्यंत चालतं. जानेवारीत खोडं पिवळी पडली की जमिनीपासून वीतभर ठेवून कापा. अगदी मातीबरोबर कापू नका, पोकळ खोडातून पाणी बुडख्यात उतरतं आणि नवे कोंब कुठं आहेत ते कळत नाही. फेब्रुवारी ते मे पट्टा उघडा दिसणार, हे आधीच ठरवून पुढं ऑफिसटाइम (पोर्चुलाका) आणि गेलार्डिया लावा. पाणी थांबवू नका, झाड वाळलेलं दिसलं तरी खाली जिवंत असतं.

तिसऱ्या वर्षी जूनच्या तोंडाला गड्डे काढून विभागा. मध्यभाग पोकळ झाला, खोडं पेन्सिलीपेक्षा बारीक झाली आणि फुलं फक्त कडेनं येऊ लागली की वेळ झाली असं समजा. निघालेले जादा फुटवे इथं खालच्या देवाणघेवाणीच्या धाग्यावर टाका, कोल्हापूर आणि इचलकरंजीतले मागणारे बरेच आहेत.

टेरेसवाली
१९ मे, सकाळी १०.२८

आमच्या मागच्या टिथोनियाचं काय करायचं ते तरी सांगा. काढायची ठरवली तर खोडं कंपोस्टमध्ये चालतील ना?

शेणामाती
१९ मे, सकाळी ११.५०

पानं आणि कोवळे शेंडे आजच घाला. लाकडी खोडं हिरवी असताना टाकलीत तर ढिगातूनच फुटतील. वीतभराचे तुकडे करून सिमेंटच्या फरशीवर, मातीला न टेकता, उन्हात आठ-दहा दिवस. वाकवल्यावर कडकन मोडलं की मग ढिगात. आणि खोड कापून बूड तसंच ठेवू नका. वळवानंतर माती मऊ असताना मुळासकट उपसा, मे सरला की जड जाईल.